निस्गा राष्ट्राचं स्वशासन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आदिवासी स्वशासनावर चर्चा सुरू झाली की कॅनडातल्या निस्गा लोकांचा दाखला हटकून दिला जातो. तो देताना मात्र दोन टोकं गाठली जातात. कुणी म्हणतं, त्यांना स्वतंत्र देशच मिळाला. कुणी म्हणतं, चार तुकडे देऊन त्यांची बोळवण केली. खाली त्यांच्या कराराबद्दल, सरकारबद्दल आणि त्यामागच्या लांबलचक तयारीबद्दल लोक सहसा जे विचारतात त्याची उत्तरं आहेत. काही उत्तरांत माझं मतही आलं आहे. ते कुठे आहे हे कळेलच.

निस्गा कोण आणि ते राहतात कुठे?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. त्याच्या वायव्य कोपऱ्यात, अलास्काच्या सीमेला लागून, नास नदीचं खोरं आहे. या नदीला निस्गा लिसिम्स म्हणतात. खोऱ्यात त्यांची चार गावं आहेत: गितलाख्टामिक्स (जुन्या नकाशांत न्यू ऐयान्श), गितविन्क्सिल्क्व, लाख्गल्ट्साप आणि नदीच्या तोंडाशी गिंगोल्ख. खोऱ्यात साधारण दोन हजार लोक राहतात. त्याहून कितीतरी जास्त निस्गा व्हँकुव्हर, टेरेस, प्रिन्स रुपर्ट अशा शहरांत विखुरलेले आहेत.

समाज चार कुळांत विभागलेला आहे: कावळा, लांडगा, गरुड आणि किलर व्हेल. कूळ आईकडून मिळतं. कुळांखाली घराणी आहेत. नद्या, शिकारीच्या जागा, नावं, गाणी हे सगळं पूर्वापार घराण्यांच्या मालकीचं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

‘राष्ट्र’ म्हणतात म्हणजे तो वेगळा देश आहे का?

नाही. निस्गा कॅनडाचे नागरिक आहेत. फौजदारी कायदा कॅनडाचाच चालतो, कॅनडाची मूलभूत हक्कांची सनद निस्गा सरकारलाही लागू आहे, आणि संरक्षण, चलन, परराष्ट्र व्यवहार यांतलं काहीही त्यांच्याकडे नाही. आदिवासी समूहासाठी ‘फर्स्ट नेशन’ हा कॅनडात रुळलेला शब्द आहे.

तरीही त्यांचं सरकार म्हणजे नगरपालिका नव्हे. भाषा, संस्कृती, नागरिकत्व, स्वतःच्या जमिनीचा कारभार अशा ठरावीक विषयांत निस्गा कायदा आणि प्रांताचा किंवा केंद्राचा कायदा यांत विसंगती आली, तर निस्गा कायदा वरचढ ठरतो. नगरपालिकेचा अधिकार प्रांत एका विधेयकाने काढून घेऊ शकतो. निस्गांचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३५ खाली संरक्षित करारातून आलेला आहे, तो एकतर्फी काढता येत नाही.

करारात नेमकं काय मिळालं?

११ मे २००० रोजी करार अमलात आला. सुमारे २,००० चौरस किलोमीटर जमीन, जमिनीखालच्या खनिजांसकट, निस्गा राष्ट्राच्या पूर्ण मालकीची झाली. सुमारे १९ कोटी कॅनेडियन डॉलर रोख, तेही हप्त्यांनी. नासच्या सामन (सॅल्मन) माशांत हक्काचा वाटा. सुमारे १६,००० चौरस किलोमीटर परिसरात शिकारीचा हक्क आणि वन्यजीव व्यवस्थापनात सहभाग. आणि स्वतःचं सरकार.

बदल्यात काय सोडलं, हे सहसा सांगितलं जात नाही. उरलेल्या प्रदेशावरचा दावा सोडला. १८७६ पासूनचा ‘इंडियन ॲक्ट’ (‘इंडियन’ म्हणजे तिथले आदिवासी) त्यांच्यापुरता जवळजवळ संपला. त्या कायद्याने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अज्ञान मुलांसारखं वागवलं होतं हे खरं, पण त्याच कायद्याने करमाफीही दिली होती. तीही गेली.

याला ११३ वर्षं का लागली?

१८८७ साली निस्गा आणि शेजारच्या त्सिम्शियन लोकांचे सरदार होड्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने प्रांताच्या राजधानीत, व्हिक्टोरियाला गेले. मागणी दोन गोष्टींची होती: आमची जमीन आमची आहे हे मान्य करा, आणि तसा करार करा. प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, विल्यम स्माइद यांनी त्यांना परत पाठवलं. प्रांताची भूमिका अशी की जमीन राणीची, यांचा हक्क मुळात नव्हताच.

परत येऊन निस्गांनी १८९० मध्ये जमीन समिती स्थापन केली. १९१३ मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे तेव्हाच्या साम्राज्याच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडे, अर्ज केला. त्याचा निकाल लागलाच नाही. १९२७ मध्ये कॅनडाने इंडियन ॲक्टमध्ये एक कलम घातलं: जमिनीच्या दाव्यासाठी वर्गणी गोळा करणं किंवा वकील लावणं हाच गुन्हा. न्यायालयाचं दार उघडं ठेवायचं आणि तिथवर जाणाऱ्याचा खिसा कायद्याने शिवून टाकायचा! हे कलम १९५१ पर्यंत होतं. मेजवानीसह भरणारे पारंपरिक समारंभ, जिथे नावं, वारसा आणि जमिनीचे हक्क साक्षीदारांसमोर पक्के होत, तेही १८८० च्या दशकापासून १९५१ पर्यंत बेकायदा होते.

बंदी उठल्यावर १९५५ मध्ये जुन्या समितीच्या जागी निस्गा ट्रायबल कौन्सिल उभं राहिलं. अध्यक्ष होते फ्रँक काल्डर. त्याआधी १९४९ मध्येच ते प्रांताच्या विधिमंडळात निवडून गेले होते, तिथे पोचलेले पहिले आदिवासी. पुढचं सगळं त्यांच्या नावाच्या खटल्यापासून सुरू होतं.

खोऱ्यात जाणाऱ्या महामार्गाला ११३ हा क्रमांक १८८७ ते २००० या वर्षांसाठीच दिलेला आहे. सरकारी क्रमांकातली एवढी टोचणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

काल्डर खटला ते हरले होते ना? मग त्याचं एवढं कौतुक का?

हो, तांत्रिकदृष्ट्या हरले. निकाल ३१ जानेवारी १९७३ चा, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा. सातपैकी सहा न्यायमूर्ती म्हणाले की वसाहत येण्याआधीपासूनचा आदिवासींचा जमिनीवरचा हक्क कायद्याला माहीत असलेला हक्क आहे. तो अजून शिल्लक आहे का, यावर ते तीन-तीन असे विभागले. सातव्या न्यायमूर्तींनी मुख्य प्रश्नाला हातच घातला नाही. सरकारवर दावा लावायला आधी सरकारची परवानगी लागत होती आणि ती घेतलेली नाही, एवढ्यावर त्यांनी निस्गांच्या विरुद्ध मत दिलं.

पण हक्क अस्तित्वात होता हे सहा जणांनी लिहून ठेवल्यावर केंद्र सरकारला जुनी भूमिका रेटणं अवघड झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडाने जमीन-दाव्यांवर वाटाघाटी करण्याचं धोरण जाहीर केलं आणि १९७६ मध्ये निस्गांशी बोलणी सुरू झाली. प्रांत मात्र आणखी चौदा वर्षं बाहेरच राहिला. १९९० मध्ये तो टेबलाशी आला. जमीन प्रांताच्या ताब्यात असल्यामुळे त्याच्याविना करार होणं शक्यच नव्हतं.

वाटाघाटींचा खर्च निस्गांनी कर्ज काढून केला. आपलीच जमीन मागायला समोरच्याच सरकारकडून उसने पैसे घेतले, सुमारे पाच कोटी डॉलर. अशी कर्जं माफ करण्याचा, फेडलेल्यांना ती परत देण्याचा निर्णय २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाला.

लोकांनी करार एकमताने स्वीकारला का?

मुळीच नाही. नोव्हेंबर १९९८ च्या मतदानात एकूण पात्र मतदारांपैकी ६१ टक्क्यांनी होकार दिला. पुढे ओटावाच्या संसदेत रिफॉर्म पक्षाने चारशेहून जास्त दुरुस्त्या मांडून रात्रंदिवस मतदान लांबवलं. प्रांतातले विरोधी नेते गॉर्डन कॅम्पबेल न्यायालयात गेले आणि जुलै २००० मध्ये हरले. निस्गांमधल्याच काही जणांनी, सरदारपद असलेल्या एकाने त्यात पुढाकार घेऊन, करारालाच आव्हान दिलं. ते प्रकरण २०१३ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयात फेटाळलं गेलं. शेजारच्या गितान्यो लोकांचंही म्हणणं होतं की निस्गांना दिलेल्या हक्कांत आमचा प्रदेश येतो. करार झाला म्हणजे हद्दीचं भांडण मिटलं, असं कुठेच होत नाही.

दावा केलेल्या प्रदेशाच्या आठ टक्केच जमीन मिळाली. हा तोट्याचा सौदा नाही का?

जमिनीच्या हिशेबात तोटाच. निस्गा ज्याला आपला प्रदेश म्हणत होते तो सुमारे २४,००० चौरस किलोमीटरचा. कराराच्या बाजूने बोलणारे जोसेफ गोस्नेल यांनीही, जे तेव्हा ट्रायबल कौन्सिलचे अध्यक्ष होते, ही तडजोड असल्याचं कधी लपवलं नाही.

माझं मत: प्रश्न आठ टक्क्यांपाशी थांबवला की अर्ध चित्र सुटतं. आधी त्यांच्याकडे होत्या छोट्या राखीव वस्त्या, आणि त्यांची मालकीही सरकारकडे. घराला खोली वाढवायची तरी शेवटचा शब्द ओटावातल्या मंत्रालयाचा. त्या तुलनेत पूर्ण मालकीचे २,००० चौरस किलोमीटर हा फार मोठा बदल आहे. पण उरलेले ९२ टक्के सोडायला नकार देऊन आजही बोलणी न करणारी आदिवासी राष्ट्रं ब्रिटिश कोलंबियात आहेत, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही.

दीर्घकालीन नियोजन म्हणतात ते नक्की कुठे दिसतं? एखादा आराखडा आहे का?

आराखडे आहेत, पण खरं नियोजन कागदाबाहेर झालं.

पहिली गोष्ट जमिनीची. वर सांगितलं तसं, जमीन घराण्यांची होती. प्रत्येक घराण्याने स्वतंत्र दावा लावला असता, तर डझनावारी सरदार एकमेकांच्या सीमांवर भांडत बसले असते आणि सरकारला तेच हवं होतं. निस्गांनी ठरवलं की सगळ्यांनी आपापला हक्क एकाच सामायिक वाडग्यात टाकायचा आणि दावा एक म्हणून लढायचा. ज्यांच्या पूर्वजांनी त्या हक्कांसाठी रक्त सांडलं त्यांनी तो असा सोडून देणं सोपं नव्हतं. या एका निर्णयाशिवाय पुढचं काहीच झालं नसतं, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट: अधिकार हातात येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तो वापरणाऱ्या संस्था उभ्या केल्या. स्वतःचा शाळा-जिल्हा १९७५ मध्ये, म्हणजे करारापूर्वी पंचवीस वर्षं. तिथे निस्गा भाषा शिकवायला सुरुवात झाली. १९९२ पासून नदीत माशांची गणना करणारे फिरते रहाट, ज्यात सामन जिवंत पकडून, खूण लावून सोडतात. त्याच साली लाव्हाच्या पठारावरचं स्मारक उद्यान, प्रांतासोबत मिळून चालवलेलं. १९९३ मध्ये स्वतःची उच्च शिक्षण संस्था. अकरा मे उजाडला तेव्हा हिशेब ठेवणारे, मासे मोजणारे, शाळा चालवणारे लोक खोऱ्यात आधीपासून कामावर होते. उलट क्रमाने गेलेल्या ठिकाणी काय होतं ते आपण पाहतोच: अधिकार येतो, आणि तो राबवायला बाहेरून कंत्राटी सल्लागार येतात.

तिसरी गोष्ट करारातली कालपट्टी. काहीही एका रात्रीत बदललं नाही. विक्रीकराची सूट आठ वर्षांनी संपली, प्राप्तिकराची बारा वर्षांनी. जंगलाचा कारभार पाच वर्षांच्या संक्रमणाने हातात आला. सरकारी अनुदानाची बोलणी ठरावीक काळाने पुन्हा होतात, आणि निस्गांचं स्वतःचं उत्पन्न वाढेल तसा त्यांचा वाटा वाढतो.

सरकार कसं चालतं? सरदार चालवतात की निवडून आलेले?

निवडून आलेले. मध्यवर्ती सरकारचं नाव निस्गा लिसिम्स सरकार, राजधानी गितलाख्टामिक्स. त्याच्या विधिमंडळात अध्यक्ष आणि इतर पदाधिकारी, चारही गावांच्या परिषदांचे सदस्य, आणि शहरांत राहणाऱ्या निस्गांचे प्रतिनिधी असतात. २०१६ मध्ये एव्हा क्लेटन अध्यक्ष झाल्या, या पदावरच्या पहिल्या स्त्री.

वंशपरंपरागत सरदार आणि ज्येष्ठ स्त्रिया यांचं स्थान वडीलधाऱ्यांच्या परिषदेत आहे. पारंपरिक कायद्याला ते आयूक म्हणतात. त्याचा अर्थ लावण्याचं, विधिमंडळाला सल्ला देण्याचं काम या परिषदेचं. मतदान होतं ते विधिमंडळात. सरदारांचा मान आणि निवडलेल्यांचा अधिकार यांत ताण येतोच.

खोऱ्याबाहेर राहणाऱ्या निस्गांना काही हक्क आहे का?

हो, आणि ही त्यांच्या घटनेतली मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद आहे. व्हँकुव्हर, टेरेस आणि प्रिन्स रुपर्ट-पोर्ट एडवर्ड इथल्या निस्गांच्या तीन शहरी शाखा आहेत आणि त्यांचे प्रतिनिधी विधिमंडळात बसतात. नोकरीसाठी गाव सोडलं म्हणून राष्ट्राच्या निर्णयांतून नाव कटत नाही. मुंबई-पुण्याला गेलेल्यांना गावच्या जत्रेची वर्गणी मागायला बरोबर फोन येतो, ग्रामसभेचा येत नाही.

आणि खोऱ्यात राहणाऱ्या बिगर-निस्गा लोकांना?

निस्गा सरकारच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. त्यांच्यावर थेट परिणाम करणाऱ्या निर्णयांत त्यांच्याशी सल्लामसलत करावी लागते, आणि शाळा, आरोग्य अशा मंडळांत त्यांना सहभाग द्यावा लागतो. कॅम्पबेल यांचा एक आक्षेप याच मताधिकारावर होता. तो टिकला नाही.

जमीन विकता येते?

राष्ट्राच्या जमिनीचा बहुतांश भाग विक्रीसाठी नाहीच. घरांच्या भूखंडांबाबत मात्र निस्गांनी २००९ मध्ये धाडसी कायदा केला: इच्छा असेल त्या कुटुंबाला आपल्या घराच्या जागेची पूर्ण मालकी घेता येते, गहाण ठेवता येते, निस्गा नसलेल्यालाही विकता येते. राखीव वस्तीतल्या घरावर बँक कर्ज देत नाही, ही कॅनडातल्या आदिवासींची जुनी तक्रार. हे तिच्यावरचं उत्तर. पहिले मालकी-दाखले २०१३ मध्ये दिले गेले.

कॅनडातल्या बाकीच्या आदिवासींत यावर खडाजंगी झाली. जमीन एकदा बाजारात उतरली की ती परत येत नाही, हा आक्षेप. निस्गांचं म्हणणं, मालक कुणीही होवो, त्या जागेवर कायदा आमचाच चालणार. सुरुवातीला दाखले मोजक्याच कुटुंबांनी घेतले, यावरून लोकही सावध होते असं दिसतं.

माशांचं एवढं महत्त्व का?

कारण खोरं त्यांच्यावरच जगलं. हिवाळ्याच्या अखेरीला, बाकी सगळं संपत आलेलं असताना, उलिकन नावाचे छोटे तेलकट मासे नदीत चढतात. त्यांचं तेल दूरच्या प्रदेशांपर्यंत व्यापारात जायचं. मग उन्हाळ्यात सामन. साधारण अडीच-तीनशे वर्षांपूर्वी खोऱ्यात ज्वालामुखीचा उद्रेक झाला; निस्गांच्या मौखिक इतिहासात दोन हजार माणसं गेली असं सांगतात, आणि कारण देतात ते असं की मुलांनी नदीतल्या सामनचे हाल केले होते.

करारात माशांच्या वाट्याआधी संवर्धनाची अट येते: नदीत पुरेसे मासे अंडी घालायला पोचल्याशिवाय कुणाचाच वाटा सुरू होत नाही. वाट्यातले मासे विकण्याचा हक्कही निस्गांना आहे. मोजणी त्यांचेच लोक करतात, हे इथे फार महत्त्वाचं. आकडा ज्याच्या हातात, त्याच्याशी वाद घालणं सरकारी खात्यालाही जड जातं.

निस्गा गॅस प्रकल्पात भागीदार आहेत म्हणे. मग निसर्गरक्षणाचं काय?

खरं आहे. क्सी लिसिम्स हा द्रवरूप नैसर्गिक वायू निर्यातीचा तरंगता प्रकल्प, वर्षाला एक कोटी वीस लाख टनांचा, त्यांच्या किनाऱ्याजवळ प्रस्तावित आहे आणि निस्गा राष्ट्र त्यात भागीदार आहे. वायू आणणाऱ्या वाहिनीचा प्रकल्पही त्यांनी भागीदारासह २०२४ मध्ये विकत घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. शेजारच्या काही फर्स्ट नेशन्सचा आणि पर्यावरण गटांचा तीव्र विरोध आहे.

मला हा प्रकल्प पटत नाही. नासच्या तोंडाशी मोठी जहाजं येणं धोक्याचं वाटतं. पण आदिवासींचं स्वशासन आपल्याला आवडणारे निर्णय घेण्यापुरतंच मान्य असेल, तर ते स्वशासन नव्हे. अनुदानावरचं अवलंबन कमी करायचं, तर खोऱ्यात उत्पन्न कशाचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. पुण्यात बसून लिहिणाऱ्यापुढे नाही.

हे आपल्याकडच्या पेसा आणि वनहक्क कायद्यासारखंच झालं ना?

पूर्ण नाही. पेसा (१९९६, आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि वनहक्क कायदा (२००६) हे संसदेने केलेले कायदे. संसद ते बदलू शकते. निस्गांचा दस्तऐवज तीन पक्षांनी सह्या केलेला करार आहे. शिवाय आपल्याकडे अधिकाराचं केंद्र ग्रामसभा, म्हणजे गाव. तिथे अख्खं राष्ट्र. खनिजांवर मालकीचा प्रश्न तर आपल्याकडे जवळपासही नाही.

सारखेपणा बघायचा तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे बघावं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष वापरता आला. पण सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत आणि अभ्यासगट तिथे त्याच्या वीसेक वर्षं आधीपासून होते. कायदा आला तेव्हा तो वापरणारं गाव तयार होतं.

तिथे जाऊन बघता येईल का?

येईल. व्हँकुव्हरहून टेरेसला विमानाने दोन तासांच्या आत पोचता येतं. तिथून ११३ क्रमांकाच्या महामार्गाने गितलाख्टामिक्स साधारण शंभर किलोमीटर. वाटेत लाव्हाचं पठार लागतं. लाख्गल्ट्सापला निस्गा संग्रहालय आहे, २०११ मध्ये उघडलेलं, आणि करारामुळे मोठ्या संग्रहालयांतून परत आलेल्या वस्तू तिथे आहेत. १९२९ मध्ये खोऱ्यातून उचलून नेलेला, पुढे एडिनबराच्या संग्रहालयात उभा असलेला अकरा मीटरचा नीस्जोल स्मृतिस्तंभही तिथेच आहे. स्कॉटलंडला कराराचं बंधन नव्हतं. निस्गांच्या प्रतिनिधींनी तिथे जाऊन तो मागितला आणि २०२३ मध्ये लष्करी विमानाने घरी आणला. संग्रहालय हंगामी असतं, म्हणून उन्हाळ्यात जा आणि वेळा आधी विचारून घ्या.